धीर आणि शांती : ‘स्मृतिचित्रे’मधील श्रद्धानुभवाचे एक वाचन

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राची किमान तीन इंग्रजी भाषांतरे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत आणि तिन्हींची शीर्षके निरनिराळी आहेत. ई. जोसेफिन इंकस्टर यांच्या १९५० सालच्या भाषांतराचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’ असे आहे. हे शब्द पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातून, किंग जेम्स आवृत्तीतून घेतलेले आहेत. दिल्लीच्या ‘कथा’ या संस्थेने २००७ साली लुई मिनेझिस यांचे ‘स्केचेस फ्रॉम मेमरी’ प्रसिद्ध केले. येथे मूळ शीर्षकाचे सरळ शब्दांतर आहे. शांता गोखले यांच्या २०१७ सालच्या भाषांतरात मूळ मराठी नाव कायम ठेवले असून उपशीर्षकात लेखिकेचा उल्लेख ‘स्पिरिटेड वाइफ’ असा, म्हणजे बाणेदार पत्नी म्हणून, केला आहे. पहिल्या शीर्षकात हे पुस्तक एका ख्रिस्ती स्त्रीची साक्ष ठरते, दुसऱ्यात आठवणींचा संग्रह, तर तिसऱ्यात एका तेजस्वी गृहिणीचे आत्मकथन. ‘स्पिरिट’ हा शब्द पहिल्या भाषांतराच्या परंपरेत आला असता तर त्याचा अर्थ आत्मा असा झाला असता. तिसऱ्यात तो बाणा या अर्थाने येतो. साठ-सत्तर वर्षांत इंग्रजी वाचकापुढे या ग्रंथातील श्रद्धेचे स्थान कसे सरकत गेले, हे या एका शब्दाच्या प्रवासावरूनही दिसते.

मराठी समीक्षेत ते स्थान फारसे सरकलेच नाही, कारण ते मुळात नीट ठरवले गेले नव्हते. १९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागल्यापासून मराठी रसिकांनी या ग्रंथावर मनापासून प्रेम केले. त्यातील घरगुती, बोलकी भाषा, निर्मळ विनोद, स्वतःकडे त्रयस्थपणे पाहण्याची वृत्ती, रेव्हरंड टिळकांच्या लहरी स्वभावाचे चित्रण या गुणांची चर्चा पुष्कळ झाली. मात्र लेखिकेचे ख्रिस्ती होणे ही बाब चरित्रातील एक घटना म्हणून नोंदवली गेली आणि तेथेच थांबली. जणू हा ग्रंथ ख्रिस्ती असूनही चांगला आहे! उलट मिशनच्या वर्तुळात तो साक्षीचा ग्रंथ म्हणून वाचला गेला आणि त्यातील विनोद हा कथनाला आलेला एक गोड उपपदार्थ मानला गेला. दोन्ही वाचनांत विनोद आणि श्रद्धा यांची फारकत गृहीत आहे. ‘स्मृतिचित्रे’ची रचना बारकाईने पाहिली असता ही फारकत टिकत नाही. या ग्रंथाला आतून बांधणारे सूत्र भयाचे आहे. भय कोठून आले, त्याने घरात कसे मुक्काम ठोकले आणि ते कोणत्या वाटेने सैल झाले, याची ही कथा आहे. ख्रिस्ती श्रद्धेतून लाभणारी शांती आणि धीर या गोष्टी तीत कोठेही सिद्धान्त म्हणून मांडलेल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्याशी आणि आजाऱ्याच्या अंथरुणाशी घडतात.

ग्रंथाचा प्रारंभ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १८६८ साली जन्मलेली लेखिका आपल्या आठवणींची सुरुवात जन्मापूर्वीच्या एका घटनेपासून करते. १८५७च्या धामधुमीत तिच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. या आघाताचा तिच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला की त्यांना सोवळ्याने पछाडले. नाशिकजवळच्या जलालपूर येथील त्या घरात धान्य धुतले जाई, साखर धुतली जाई आणि मीठही धुतले जाई. मीठ धुण्यातला हास्यास्पद भाग वाचकाला लगेच जाणवतो आणि लेखिका तो लपवत नाही. परंतु या विनोदाच्या तळाशी एक अचूक निरीक्षण आहे. राजकीय सूडाचे भय माणसाच्या हाताबाहेरचे होते. ते त्याने हातातल्या वस्तूंवर आणून ठेवले. फासावर चढवणाऱ्या सत्तेला धुऊन काढता येत नाही, मीठ मात्र धुता येते. धर्माचार येथे भयाची व्यवस्था लावण्याचे साधन बनला आहे आणि त्या व्यवस्थेचा भार घरातील स्त्रियांच्या अंगावर पडला आहे. पुढे जे काही या ग्रंथात घडते त्याची पार्श्वभूमी हीच आहे. सोवळ्याचे प्रकरण गमतीदार बालपणाचे चित्र म्हणून वाचून पुढे जाणाऱ्या समीक्षेच्या हातून ग्रंथाची किल्लीच निसटते.

मराठी कुटुंबाच्या भाषेत ‘शांत’ हा शब्द विधीशी जोडलेला आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे लागेल. ग्रहांची शांत करतात, वास्तूची शांत करतात, साठी झाली की शांत करतात. शांती ही करावयाची गोष्ट आहे. ती केली नाही तर अरिष्ट येते. काव्यशास्त्रातील शांतरस आणि संतांच्या वाणीतील शांती यांचा अर्थ अर्थातच याहून व्यापक आहे. तरीही लहान मुलीच्या कानावर पडणारा शब्द बहुधा पहिल्या अर्थाचाच होता. मराठी बायबलमध्ये हिब्रू ‘शालोम’ आणि ग्रीक ‘आयरीनी’ यांसाठी ‘शांती’ हाच शब्द आला तेव्हा त्याच्याबरोबर अर्थाची ही सगळी सावलीही आली. शुभवर्तमानातील शांती दिली जाते, मिळते. ती केली जात नाही. करण्याच्या शांतीकडून मिळण्याच्या शांतीकडे जाणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती साहित्यात अनेकांनी हाताळला आहे. लक्ष्मीबाईंनी तो शब्दाचा ऊहापोह न करता हाताळला.

१८५७ हे साल दिल्लीत बसून मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला आणखी एका कारणाने थांबवते. याच वर्षी बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले आणि याच वर्षी दिल्लीत मास्टर रामचंद्र यांच्यावर प्रसंग गुदरला. दिल्ली कॉलेजातील हे गणिताचे अध्यापक. त्यांच्या महत्तम-लघुतम मूल्यांवरील १८५०च्या ग्रंथाची ऑगस्टस डी मॉर्गन यांनी प्रशंसा केली आणि १८५९ साली तो लंडनमध्ये पुन्हा छापला गेला. १८५२ साली रामचंद्र आणि डॉ. चमनलाल यांनी दिल्लीत बाप्तिस्मा घेतला होता. मे १८५७मध्ये बंडवाले शहरात शिरताच चमनलाल मारले गेले. रामचंद्र लपले आणि शहराबाहेर निसटले. दिल्ली पुन्हा इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर ते परतले, तेव्हा त्यांना दुसराच अनुभव आला. इंग्रज अधिकारी त्यांच्या घरावर मातीच्या गोळ्या मारीत. एकाने त्यांच्या डोक्यात काठी घातली आणि आपण ख्रिस्ती आहो असे सांगताच त्यांच्या रंगावरून त्यांना हिणवले. वर्षाच्या अखेरीस रामचंद्रांनी शहराच्या लष्करी प्रशासकाकडे लेखी तक्रार केली. तिचा आशय विलक्षण आहे. बंडवाल्यांच्या हातून मरण आले असते तर विश्वासासाठी मरण आले एवढे समाधान तरी होते. परंतु ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांकडूनच जिवाला धोका असेल तर देशी ख्रिस्ती माणसाने कोणत्या समाधानाचा आधार घ्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

हा कागद साहित्य म्हणून लिहिलेला नाही. तरी भयाच्या काळात श्रद्धा काय देऊ शकते आणि कोठे अपुरी पडते याची इतकी नेमकी सीमारेषा ज्यांत आढळते अशी आत्मचरित्रे फार थोडी आहेत. श्रद्धेने शत्रूपुढे उभे राहण्याचे बळ दिले. स्वकीयांकडून झालेल्या अवमानापुढे ते बळ तसेच उपयोगी पडले नाही. जलालपूरचे घर आणि दिल्लीतील ही तक्रार यांच्यात कसलाही प्रत्यक्ष संबंध नाही. परंतु एकाच उत्पाताची ही दोन टोके शेजारी ठेवली की ‘ख्रिस्ती धर्मात शांती मिळाली’ हे वाक्य किती सैलपणे वापरले जाते ते उमगते. कोणत्या भयापासून शांती, आणि कोणाला, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही.

‘कोणाला’ हा प्रश्न ‘स्मृतिचित्रे’त सर्वांत तीव्रपणे उभा राहतो तो नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराच्या प्रसंगी. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, ही १८९३ची हकीकत प्रसिद्ध आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या बाजूने पाहता हा दीर्घ अस्वस्थतेचा शेवट होता. त्याच क्षणी लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. नवरा जिवंत असून संसार संपलेला, लहान मुलगा पदरी, नातलगांच्या घरी आश्रय आणि लोकांच्या तोंडी आपलेच नाव अशी त्यांची अवस्था झाली. ही वर्षे त्यांनी प्रामुख्याने बहिणीच्या आधाराने काढली. तेव्हा ख्रिस्ती धर्म त्यांच्या दृष्टीने शांतीचा दाता नव्हता. त्यांच्या सगळ्या चिंतेचे ते एकमेव कारण होते. एकाची शांती दुसरीच्या अशांतीतून विकत घेतली गेली होती, आणि ग्रंथ हा हिशेब मिटवून टाकत नाही.

धर्मांतराच्या आत्मकथनांची जी जागतिक परंपरा आहे तिच्याकडे पाहता याचे महत्त्व कळते. संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’च्या सहाव्या खंडात, अनेक वर्षे त्याच्यासोबत राहिलेली आणि त्याच्या मुलाची आई असलेली स्त्री आफ्रिकेला परत पाठवली जाते. ऑगस्टीन आपल्या हृदयाची जखम वर्णन करतो. त्या स्त्रीचे नावही देत नाही. बन्यनच्या १६७८ सालच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’मध्ये ख्रिश्चन हा नायक बायकामुलांच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून कानांत बोटे घालून धावत सुटतो. त्याची पत्नी ख्रिश्चियाना पुढे १६८४च्या दुसऱ्या भागात त्याच वाटेने निघते, परंतु तिची गोष्टही बन्यनच सांगतो. हे पुस्तक मराठीला परके नव्हते. हरि केशवजी यांनी केलेले त्याचे भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ साली प्रसिद्ध झाले होते. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राच्या नावातच अंधारातून उजेडाकडे जाणारी सरळ रेषा आहे. या सगळ्या परंपरेत निघून जाणारा बोलतो आणि मागे राहिलेली गप्प असते. ‘स्मृतिचित्रे’त मागे राहिलेली बोलते. ती पुढे स्वतः त्या वाटेने जाते हे खरे, पण जाताना आपण का थांबलो होतो तेही सांगते. इंकस्टर यांनी निवडलेले शीर्षक या अर्थाने दुहेरी आहे. पौलाच्या पत्रात ते ख्रिस्ताच्या मागे धावणे आहे. मराठी वाचकाला त्यात नवऱ्याच्या मागून जाणेही ऐकू येईल. हा दुसरा अर्थच खरा, असे मानणारे वाचक कमी नाहीत. लक्ष्मीबाईंचे ख्रिस्ती होणे हा पातिव्रत्याचाच विस्तार, असे त्यांचे म्हणणे.

संहितेतील घटनांचा क्रम या मताला अनुकूल नाही. टिळकांशी पुन्हा एकत्र आल्यावर लक्ष्मीबाई लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा ठेवला, पाणी वेगळे ठेवले, आपले आचार सांभाळले. नवऱ्याबरोबर राहणे त्यांना मान्य होते, त्याचा धर्म मान्य नव्हता. बदल झाला तो जातीच्या विचारापासून. जातिभेद देवाने केला की माणसाने, या साध्या प्रश्नाचा छडा त्यांनी स्वतःच्या बुद्धीने, कोणाच्या प्रवचनाविना लावला आणि त्यानंतर दुसऱ्या जातीच्या माणसाच्या हातचे पाणी घेतले. विचाराने जे मान्य केले होते ते शरीराने सहजासहजी मान्य केले नाही. घशाखाली पाणी जाणे हीच एक लढाई झाली. १९०० साली त्यांनी मुलासह बाप्तिस्मा घेतला तो या टप्प्यानंतर.

येथे ग्रंथाचा प्रारंभ आणि मध्य एकमेकांना भिडतात. मीठ धुणाऱ्या बापाची मुलगी परक्या हातचे पाणी पिते. जे भय बापाने स्पर्शात आणून ठेवले होते ते स्पर्शातूनच सुटते. लक्ष्मीबाईंच्या लेखी शांती म्हणजे काय, याचे उत्तर कोठल्या व्याख्येत शोधावे लागत नाही. स्पर्शाचे भय सुटणे ही ती शांती आहे आणि ते सुटताना शरीराने केलेली तक्रार सोसणे हा तो धीर आहे. ‘अरुणोदया’च्या परंपरेत प्रकाश एकदम फाकतो, येथे एक पेला पाणी लागतो आणि तो रिकामा करायला वेळ लागतो. पंडिता रमाबाईंच्या १९०७ सालच्या साक्षीत या दोहोंच्या मधली एक वाट दिसते. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली आहे. रमाबाईंनाही शांती टप्प्याटप्प्याने मिळाली, परंतु त्या टप्प्यांची भाषा आध्यात्मिक आहे. लक्ष्मीबाईंची भाषा घरगुती आहे. एकीला दुसरीपेक्षा श्रेष्ठ ठरवण्याचे कारण नाही. मात्र तौलनिक अभ्यासात रमाबाईंची साक्ष धर्मानुभवाचा दस्तऐवज म्हणून वाचली जाते आणि ‘स्मृतिचित्रे’ स्त्रीजीवनाचा दस्तऐवज म्हणून, ही वाटणी अन्यायाची आहे.

प्लेगच्या काळातील प्रसंग या सूत्राची पुढची पायरी होत. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढील काही वर्षांत महाराष्ट्रभर हिंडला आणि अहमदनगरलाही त्याने सोडले नाही. टिळक दांपत्याने तेथे रोग्यांच्या शुश्रूषेचे काम अंगावर घेतले. सोवळ्यातील स्पर्शाचे भय कल्पित होते. प्लेगमधील भय खरे होते, रोग्याजवळ जाण्याने जीव जाऊ शकत होता. कल्पित विटाळाची भीती टाकलेली स्त्री खऱ्या संसर्गापुढे काय करते, याची ही परीक्षा होती. लक्ष्मीबाई या परीक्षेचे वर्णन वीरश्रीने करत नाहीत. आपण घाबरलो हे त्या सांगतात, आपली फजिती सांगतात, आणि काम चालू राहिले हेही ओघात सांगून जातात. २०२०च्या साथीत स्पर्श पुन्हा एकदा संशयास्पद झाला, तेव्हा ही पाने ज्यांनी उघडली असतील त्यांना त्यांतील साधेपणाचे मोल वेगळे सांगावयास नको. धैर्याची गोष्ट सांगताना धैर्य हा शब्द टाळणे अवघड असते. लक्ष्मीबाईंना ते साधले आहे.

मराठीतील ‘धीर’ या शब्दाकडे येथे वळणे योग्य होईल. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायाच्या अखेरच्या वचनात, वधस्तंभाच्या आदल्या रात्री, येशू शिष्यांना जगातील क्लेशांची कल्पना देऊन जो आदेश देतो त्यासाठी ग्रीकमध्ये ‘थार्सेइते’ हे क्रियापद आहे. किंग जेम्स आवृत्तीने तेथे प्रसन्नचित्त राहण्याचा अर्थ आणला. मराठी पवित्र शास्त्राने ‘धीर’ हा शब्द योजला. धीर हा मराठीत केवळ शौर्य नाही आणि केवळ सोशिकपणाही नाही. धीर धरतात, धीर देतात, धीर सुटतो, धीर खचतो, धीर निघत नाही. वाट पाहणे आणि न डगमगणे या दोन्ही क्रिया त्यात एकत्र आहेत. शिवाय तो एकाकडून दुसऱ्याकडे देता येतो. ग्रीक शब्दातील आज्ञा मराठीत येताना जणू शेजाऱ्याने पाठीवर ठेवलेला हात होते. ‘स्मृतिचित्रे’तील धैर्य या जातीचे आहे. ते एकट्याचे नसते. टिळकांनी लक्ष्मीबाईंना दिलेला धीर आणि लक्ष्मीबाईंनी टिळकांना दिलेला धीर यांची देवघेव ग्रंथभर चालू आहे, आणि हिशेब मांडलाच तर बाईंचे येणे अधिक निघेल.

याचे कारण टिळकांची स्वतःची शांती कधीच स्थिर नव्हती. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भूमिका सर्वश्रुत आहे आणि ‘अभंगांजली’तील रचनांत ती पदोपदी प्रत्ययाला येते. मराठी ख्रिस्ती उपासनेला त्यांनी मिशनरी मराठीच्या ओबडधोबडपणातून बाहेर काढले, भक्तिपरंपरेची लय दिली. त्या भजनांमधला भक्त निश्चिंत आहे. पण ‘स्मृतिचित्रे’तील टिळक तडकाफडकी संतापतात, घरातले पैसे वाटून टाकतात, नोकऱ्या सोडतात, न सांगता निघून जातात. मिशनशी त्यांचे संबंध नेहमी सुरळीत राहिले नाहीत. १९१७ साली मिशनच्या पगाराचा त्याग करून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला, त्यामागे परकीय संस्थेच्या आश्रयाखालील देशी ख्रिस्ती माणसाची कुचंबणाही होती. मास्टर रामचंद्रांनी ज्या ठिकाणी प्रश्न टाकला होता त्याच ठिकाणी, साठ वर्षांनंतर, टिळकांनी एक उत्तर शोधले असे म्हणता येईल. उत्तर त्यांच्यापुरते पूर्ण होते. घरखर्च कसा चालवायचा, हा प्रश्न मात्र पुन्हा लक्ष्मीबाईंकडे आला.

भजनातील निश्चिंत भक्त आणि घरातील अस्वस्थ गृहस्थ यांमुळे टिळकांच्या काव्याला दांभिक ठरवणे उथळपणाचे होईल. काव्यातील शांती ही मिळालेल्या वस्तूची पावती नसते. पुष्कळदा ती मागणी असते. परंतु केवळ ‘अभंगांजली’ वाचणाऱ्याला जे कळत नाही ते ‘स्मृतिचित्रे’ सोबत ठेवल्यावर कळते, आणि म्हणून हे दोन ग्रंथ एकत्र वाचावेत. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या अस्वस्थपणाकडे हसून पाहतात. त्या हसण्यात तक्रार आहे, माया आहे आणि एक प्रकारची क्षमा आहे. हीच त्यांची उपासना असावी, असे सुचवावेसे वाटते, कारण प्रार्थनेविषयी त्या फार कमी बोलतात. घरात वावरून गेलेल्या बालकवी ठोंबऱ्यांसारख्या भित्र्या, हळव्या तरुणाचे चित्रही त्यांनी याच नजरेने रेखाटले आहे. ५ मे १९१८ रोजी बालकवी रेल्वे अपघातात गेले आणि ९ मे १९१९ रोजी टिळक. वर्षभरात घडलेले हे दोन मृत्यू ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकाला एकाच घरातले वाटतात.

या वाचनाला एक मर्यादा आहे आणि ती सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. अहमदनगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आलेले होते. १८७६–७८ आणि १८९९–१९०० या दुष्काळांची झळ त्यांनी ज्या प्रमाणात सोसली तिची कल्पना ‘स्मृतिचित्रे’वरून येत नाही. लक्ष्मीबाईंना स्पर्श करण्याचे भय सोडायचे होते. ज्यांच्या स्पर्शाचे इतरांना भय होते त्यांच्यासाठी शांती आणि धीर या शब्दांचे अर्थ निराळेच असणार. त्यांना कोणाच्या हातचे पाणी घ्यायचे हा प्रश्न नव्हता. विहिरीवर जाता येईल का, हा होता. दिल्लीतही रामचंद्रांसारख्या विद्वानाची तक्रार कागदावर उरली, पुढच्या दशकांत केंब्रिज मिशनच्या संपर्कात आलेल्या चर्मकार वस्त्यांतील माणसांचे मनोगत मिशनच्या अहवालांत, दुसऱ्यांच्या शब्दांत, शोधावे लागते. लक्ष्मीबाईंचा ग्रंथ या माणसांच्या वतीने बोलण्याचा आव आणत नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. त्याला मराठी ख्रिस्ती अनुभवाचे प्रातिनिधिक चित्र मानणे ही वाचकांची चूक आहे.

मराठी साहित्यव्यवहाराला श्रद्धावान लेखक वाचण्याची रीत अजून सापडलेली नाही, याचा प्रत्यय अलीकडेही आला. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली तेव्हा विरोध आणि समर्थन दोन्ही त्यांच्या धर्मगुरुपदाभोवती फिरत राहिले. ‘सुबोध बायबल’ हे मराठी गद्य म्हणून कसे आहे, याची चर्चा त्या गदारोळात जवळजवळ झालीच नाही. २०२४ साली दिब्रिटो निवर्तले. ती चर्चा अद्याप व्हायची आहे.

तीच गोष्ट ‘ख्रिस्तायना’ची. टिळकांनी हाती घेतलेल्या या महाकाव्याचे सुमारे दहा अध्याय त्यांच्या हयातीत लिहून झाले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या स्त्रीचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते, जिने पहिली कविता नवऱ्याच्या धर्मांतराने झालेल्या दुःखाच्या भरात रचली, तिने वैधव्यात त्याच नवऱ्याचे ख्रिस्तचरित्र पुढे नेले. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ‘क्रिस्तपुराणा’ची भाषा आणि रचना यांवर आज विपुल लेखन आहे. ‘ख्रिस्तायना’चा निर्देश मात्र वाङ्मयेतिहासात एका ओळीत आटोपतो, आणि त्या ओळीतही काव्य बहुधा टिळकांच्या नावावर जमा असते. ‘स्मृतिचित्रे’तील मोकळी, हसरी भाषा आणि या पौराणिक वळणाच्या काव्याची भाषा एकाच हाताने एकाच आयुष्याच्या उत्तरार्धात कशी लिहिली, गालीलच्या समुद्रावरील वादळात भ्यालेल्या शिष्यांचा प्रसंग त्या हाताने कसा हाताळला, टिळकांचा अध्याय संपून बाईंचा सुरू होतो त्या सांध्यावर भाषा बदलते का, हे प्रश्न तपासण्यासाठी दोन्ही संहिता शेजारी ठेवाव्या लागतील. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले तेव्हा काव्याचा शेवट व्हायचा होता. अखेरचा अध्याय मुलाने, देवदत्त टिळकांनी लिहिला आणि १९३८ साली ‘ख्रिस्तायन’ छापून झाले.